नृत्य, गोष्ट आणि नाण्याचा कौल



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी नृत्याचे नाव काढले. ते जरा गप्पच झाले. त्यांचे गप्प होणे मला समजले. मी जन्मभर शाळेत गणित शिकवले. तालाचे ज्ञान म्हणाल तर टाळी कुठे नि खाली कुठे एवढे सांगता येईल. पायात घुंगरू कधी बांधलेले नाहीत. मग या माणसाने नृत्यावर बोलायचे काय? पण आजच्या विषयात नाणेफेक आहे, आणि नाणेफेकीचा धडा मी तीस वर्षे शिकवला आहे. त्या एका धाग्याला धरून मी या विषयात शिरलो. शिरलो तो टर उडवण्याच्या इराद्याने, हे आधीच कबूल करतो. बाहेर पडताना माझे मत काय राहिले ते शेवटी सांगेन.

प्रथम एक देखावा डोळ्यांसमोर आणा. रंगमंच मोकळा आहे. मागे पडदा नाही, महाल नाही, अरण्य नाही. साध्या स्वेटरांतली तरुण मुले-मुली धावत येतात, उड्या घेतात, एकमेकांना झेलतात, पडतात आणि पुन्हा उठतात. मैदानावरच्या खेळाडूंचा चपळपणा त्यांच्या अंगात आहे. रंगमंचाच्या एका कडेला टेबल आहे. टेबलाशी एक गृहस्थ बसले आहेत. पुढे कागद, ध्वनिक्षेपक, घड्याळ आणि शँपेनची बाटली. हे गृहस्थ गोष्टी वाचून दाखवत आहेत. एखादी गोष्ट आईची, एखादी वडिलांची, एखादी अळंब्यांची, एखादी गुरूची. नाचाशी त्या गोष्टींचा काडीचा संबंध नाही. नाचणारे गोष्टीकडे लक्ष देत नाहीत आणि वाचणारा नाचाकडे बघत नाही.

या नाचाचे नाव 'हाऊ टू पास, किक, फॉल अँड रन'. चेंडू द्यावा कसा, लाथ मारावी कशी, पडावे कसे नि धावावे कसे, असा त्याचा अर्थ. तो 1965 साली शिकागो शहरात प्रथम झाला. नृत्यरचना मर्स कनिंगहॅम यांची. टेबलाशी बसलेले गृहस्थ म्हणजे त्यांचे जन्माचे साथी, संगीतकार जॉन केज.

त्या गोष्टी वाचण्याचा एकच नियम होता. प्रत्येक गोष्टीला एक मिनिट. गोष्ट चार ओळींची असो की पानभर, मिनिट एकच. येथे माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. वीस शब्दांची गोष्ट मिनिटभर पुरवायची तर दर तीन सेकंदांना एक शब्द उच्चारावा लागेल. दोनशे शब्दांची असेल तर सेकंदाला तीनांहून अधिक शब्द तोंडातून निघाले पाहिजेत. म्हणजे एक गोष्ट बैलगाडीने जाते, दुसरी आगगाडीने. मधल्या शांततेत केवळ पावलांचा आवाज ऐकू येतो. ही वेगाची चढउतार हेच त्या नाचाचे संगीत.

आपण कीर्तन ऐकलेली माणसे. कीर्तनातही गोष्ट आहे, संगीत आहे, आणि बुवा रंगात आले की पदन्यासही आहे. पण बुवांच्या हातात तिन्हींची एकच दोरी असते. पूर्वरंगात एक सिद्धांत मांडायचा आणि उत्तररंगातले आख्यान त्या सिद्धांताला नेऊन भिडवायचे. मृदंगाची थाप पडते ती नेमकी द्रौपदीने हाक मारल्यावर. आधी नाही, नंतर नाही. एवढी नेमकी गाठ बांधणे यालाच आपण कला म्हणत आलो. ही दोन माणसे मात्र म्हणाली, गाठ मारूच नका. नाच नाचाच्या जागी राहू दे, सूर सुरांच्या जागी, चित्र चित्राच्या जागी. तिन्हींनी एका वेळी, एका ठिकाणी हजर राहावे, एवढीच अट.

हे बोलणे वेडेपणाचे वाटते. म्हणूनच ही माणसे कोण होती आणि या विचाराला आली कशी, ते पाहिले पाहिजे.

केज यांचा जन्म 1912 साली लॉस एंजेलिसचा. वडील नवनवी यंत्रे काढणारे संशोधक. केज यांनी शोनबर्ग या मोठ्या संगीतकाराजवळ अभ्यास केला. कनिंगहॅम त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. जन्म 1919, गाव सेंट्रेलिया, वॉशिंग्टन राज्यातले. दोघांची गाठ सिॲटल शहरातल्या कॉर्निश शाळेत पडली. 1944 साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पहिला जोडकार्यक्रम केला आणि केज 1992 साली वारले तोवर ही जोडी तुटली नाही.

आता आपल्याला जवळची गोष्ट. 1946 साली अहमदाबादच्या साराभाई घराण्यातील गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्या पखवाज शिकलेल्या होत्या. पाश्चात्य संगीताचा आपल्या संगीतावर जो परिणाम होत होता त्याची त्यांना काळजी वाटे, म्हणून ते संगीत मुळातून समजून घ्यावे असे त्यांनी ठरवले. केज यांनी त्यांना शिकवायचे कबूल केले. फी किती? फी नाही. मोबदल्यात त्यांनी केज यांना हिंदुस्थानी संगीताची ओळख करून द्यायची. संगीत कशासाठी, असे केज यांनी विचारले तेव्हा त्यांनी आपल्या गुरूंचे उत्तर सांगितले. मन शांत आणि निवळ व्हावे, म्हणजे दैवी प्रभावाला त्यात शिरकाव मिळतो; संगीत त्यासाठी. केज हे उत्तर जन्मभर विसरले नाहीत. निघताना गीताबाईंनी त्यांना रामकृष्ण परमहंसांच्या संभाषणांचे इंग्रजी पुस्तक भेट दिले.

त्याच सुमारास केज आनंद कुमारस्वामींचे ग्रंथ वाचत होते. तेथे त्यांना आपले स्थायीभाव भेटले. पियानोच्या तारांत खिळे, स्क्रू, रबराचे तुकडे अडकवून त्यांनी एक नवेच वाद्य बनवले होते. त्या वाद्यासाठी 1946 ते 1948 या काळात त्यांनी जी मोठी रचना केली, तिच्या मुळाशी हे नऊ भाव आहेत. पुढे 1951 साली कनिंगहॅम यांनी 'सिक्स्टीन डान्सेस' म्हणजे सोळा नृत्ये रचली. त्यांचाही विषय तोच. क्रोध, हास, शोक, उत्साह, जुगुप्सा, विस्मय, भय, रती आणि अखेरीस शम.

मंडळी, जगाच्या नृत्याच्या इतिहासात एक लहानशी पण महत्त्वाची घटना येथे घडली. उजळ भावामागून काळा भाव, असा क्रम कनिंगहॅम यांनी धरला होता. पण काळ्या भावांत शोक आधी यावा की भय आधी यावे? त्यांनी विचार केला. कारण सापडेना. आपला एखादा नाट्याचार्य असता तर त्याने शास्त्राधार काढला असता, निदान कथानकाकडे बोट दाखवले असते. कनिंगहॅम यांच्याजवळ कथानक नव्हते. त्यांनी नाणे उडवले. त्यांच्या नृत्यरचनेत योगायोगाचा पहिला प्रवेश झाला तो असा, भरतमुनींच्या स्थायीभावांच्या अंगणात. शम मात्र शेवटीच राहिला. त्यावर त्यांनी नाणे उडवले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

त्यानंतर लवकरच 'यी चिंग' हा चीनमधला प्राचीन ग्रंथ केज यांच्या हाती पडला. क्रिश्चन वुल्फ या त्यांच्या तरुण विद्यार्थ्याने तो आणून दिला. तीन नाणी घ्यायची, ती सहा वेळा उडवायची. प्रत्येक वेळी एक रेघ मिळते, सलग किंवा तुटकी. दोन्हींची शक्यता सारखी. सहा रेघांच्या आकृत्या किती होतील? दोनाचा सहावा घात, म्हणजे चौसष्ट. केज यांनी चौसष्ट घरांचे तक्ते केले. एका तक्त्यात सूर, एकात कालावधी, एकात आवाजाची तीव्रता. नाणी सांगतील ते घर घ्यायचे. कनिंगहॅम यांनी तसेच तक्ते नाचासाठी केले. एका तक्त्यात हालचाली, दुसऱ्यात त्यांना लागणारा वेळ, तिसऱ्यात रंगमंचावरील जागा आणि दिशा. काही मिनिटांच्या नाचासाठी तासन् तास नाणी उडवायची आणि टिपणे ठेवायची. हे काम आळशी माणसाचे नव्हे, एवढे तरी आपण कबूल केले पाहिजे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात तसेच हे. गुरव पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. साम्य आहे खरे. पण फरक मोठा आहे. कौल लावणाऱ्याला देवाची इच्छा जाणून घ्यायची असते. या दोघांना कोणाचीच इच्छा जाणून घ्यायची नव्हती. त्यांना फक्त आपली इच्छा थोडी बाजूला सारायची होती.

ती का सारायची? हा खरा प्रश्न. उत्तर असे. नाचणाऱ्याच्या अंगाला सवयी असतात. उजव्या पायाने उडी घेतली की हात आपोआप वर जातो. रचनाकाराच्या मनालाही सवयी असतात. आवडते तेच तो पुन्हा करतो आणि त्यालाच आपली शैली म्हणून मिरवतो. नाण्याला आवड नाही, नावड नाही. ते म्हणते, पाय वळेल डावीकडे, मान उजवीकडे आणि यात जातील पाच सेकंद. नाचणारा म्हणतो, हे शक्य नाही. मग तो करून बघतो. कधी खरोखरच शक्य नसते. पण पुष्कळदा असे दिसते की शक्य आहे; केवळ आजवर कोणाला सुचले नव्हते.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. योगायोग म्हणजे उत्स्फूर्तता नव्हे. ख्याल गाणारा गवई बैठकीत जी तान घेतो ती ठरवलेली नसते. पण ती त्याच्या तालमीतून, स्मरणातून, रुचीतून आलेली असते. केज यांना नेमके हेच नको होते. स्मरण आणि रुची यांच्या पलीकडचे काही ऐकू यावे म्हणून तर नाणी. आणि योगायोग म्हणजे मनमानीही नव्हे. रचना करताना नाणे बोलले. पण एकदा ते बोलले की नाचणाऱ्याने पाऊल इकडचे तिकडे करायचे नाही. हे नर्तक सुरांवाचून तालीम करीत. घड्याळ लावून बघत, आजचा नाच कालच्यापेक्षा किती सेकंदांनी चुकला. पुष्कळदा संगीत त्यांच्या कानी पडे ते थेट पहिल्या प्रयोगाच्या दिवशी. सम पकडायला मृदंग नाही, मोजायला तबला नाही. काळ अंगात मुरलेला असला पाहिजे. आपल्या ताल-लयीच्या अभिमानी मंडळींनीही मान द्यावा अशी ही शिस्त आहे.

नर्तकांना मोकळीक दिल्यावर काय होते, याचाही प्रयोग कनिंगहॅम यांनी करून पाहिला. 1963 सालचे 'स्टोरी' हे नृत्य. नाव 'गोष्ट', पण गोष्ट त्यात मुळीच नाही. भागांचा क्रम दर प्रयोगाला बदले. रॉबर्ट राउशेनबर्ग हे चित्रकार त्या त्या नाट्यगृहात नि आसपास जे सापडेल त्यातून रोज नवा देखावा उभारीत. नर्तकांनी जुन्या कपड्यांच्या ढिगातून हवे ते उचलून अंगावर चढवायचे. संगीत तोशी इचियानागी या जपानी संगीतकाराचे. त्यात नर्तकांना काही गोष्टी स्वतः ठरवायला मिळत. कनिंगहॅम यांना ते रुचले नाही आणि 1964 नंतर त्यांनी ते नृत्य बाजूला ठेवले. नाण्याला मोकळीक देणारा माणूस माणसाला मोकळीक देताना कचरला! ही विसंगती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

1964 साली ही मंडळी सहा महिने जगभर फिरली. पॅरिसमध्ये प्रेक्षकांनी अंडी आणि टोमॅटो फेकले. लंडनमध्ये त्याच मंडळींना डोक्यावर घेतले. मग ती आपल्या देशात आली. मुंबई, अहमदाबाद, दिल्ली अशी. अहमदाबादेत साराभाई कुटुंबाने त्यांचे आतिथ्य केले. न्यूयॉर्कमध्ये फी न घेता चाललेल्या त्या शिकवणीचे वर्तुळ अठरा वर्षांनी असे पुरे झाले.

गोष्टी वाचण्याची कल्पनाही एकाएकी आलेली नाही. 1958 साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात केज यांना व्याख्यान द्यायचे होते. त्यांनी सिद्धांत मांडला नाही. तीस गोष्टी सांगितल्या, तीस मिनिटांत. पुढच्या वर्षी नव्वद गोष्टींची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यासाठी केज एका खोलीत वाचत होते आणि डेव्हिड ट्यूडर दुसऱ्या खोलीत वाद्ये वाजवत होते. एकाला दुसऱ्याचे ऐकू येत नव्हते. केज यांचे म्हणणे असे की जगातल्या गोष्टी एकमेकींशी जोडलेल्याच आहेत. आपण त्या जोडायला गेलो की फार तर आपला एक जोड दिसतो आणि बाकीचे झाकले जातात.

हे वाचून मी हसलो. म्हटले, बोलायला ठीक आहे. मग घरीच परीक्षा घ्यायचे ठरवले.

माझी नात भरतनाट्यम् शिकते. वय बारा. गेल्या महिन्यात एका दुपारी तिला म्हटले, तू तुझे अडवू कर, जसे वर्गात करतेस तसे. क्रम या चिठ्ठ्यांवर येईल तो. मी पलीकडे बसून गोष्टी वाचतो. तू माझ्याकडे लक्ष द्यायचे नाही, मी तुझ्याकडे बघणार नाही. आमच्या सौभाग्यवतींना प्रेक्षक म्हणून बसवले. चार गोष्टी, प्रत्येकीला एक मिनिट. त्यांत एक चिमणी-कावळ्याची होती, आपण सर्वांनी आईच्या मांडीवर ऐकलेली. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, कावळा दार ठोठावतो. ही गोष्ट मोठी. मिनिटात बसवायची म्हणजे मला धापाच लागल्या.

झाल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढी पाठांतर करून घेतलीत, मग मला खोटे का सांगता? कावळ्याने हाक मारली तेव्हा ती बरोब्बर पाठ फिरवून उभी राहिली. चिमणी दार लावून बसलेली असते तशी."

आम्ही काहीच ठरवले नव्हते. आम्ही पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या, पुन्हा गोष्टी वाचल्या. या खेपेस कावळ्याचे घर वाहून गेले त्या वेळी नात अर्ध्या बैठकीत स्तब्ध होती. सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत कावळ्याची कीव मला कधी आली नव्हती."

हा जोड कोणी घातला? मी नाही, मी कागदात डोके घालून बसलो होतो. मुलीने नाही, ती पाय मोजत होती. चिठ्ठीला तर कावळा कोण ते ठाऊक नाही. जोड घातला पाहणारीने. कीर्तनात बुवा गाठ मारून देतात आणि आपण ती घरी नेतो. येथे गाठ आपल्यालाच मारावी लागते. केज कडेला बसून वाचत तेव्हा सभागृहातल्या प्रत्येकाने आपापली गाठ मारली असणार, आणि कोणा दोघांची गाठ सारखी नसणार.

मी आनंदात होतो. पण नात घाम पुसत म्हणाली, "आजोबा, माझा नाच जर कुठल्याही गोष्टीला चालतो, तर मग मी तो एवढा घासून कशाला करायचा? कसाही केला तरी आजी काहीतरी जोडेलच."

मंडळी, विद्वानांनी या कलेवर पुष्कळ आक्षेप घेतले आहेत. या एका प्रश्नाइतका अवघड मला कुठे दिसला नाही. अर्थ जर पाहणाऱ्याने पुरवायचा, तर करणाऱ्याने कष्ट कशासाठी करायचे? तिला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. "उद्या सांगतो" म्हणालो. मास्तर लोक असे म्हणतात तेव्हा त्यांना येत नसते, हे मुलांना माहीत असते.

चार दिवस विचार केला. मग मला त्या शमाची आठवण झाली. शोक आधी की भय आधी, यावर कनिंगहॅम यांनी नाणे उडवले. पण शम अखेरीस हे ठेवले तसेच ठेवले. सगळे नाण्याच्या हाती त्यांनी कधीच दिले नाही. तक्त्यात कोणत्या हालचाली लिहायच्या, हे तेच ठरवीत. तक्त्यात रद्दी भरली तर नाणे रद्दीच बाहेर काढणार. शाळेतल्या उदाहरणात पिशवीतून गोटी काढायची असते. तांबडी निघेल की निळी, हे दैवाधीन. पण पिशवीत गोट्या भरल्या कोणी? आणि नर्तकाचे अंग हीच ती पिशवी. नाणे म्हणेल, एका पायावर पाच सेकंद थांब. थांबता आले तर ते नृत्य. तोल गेला तर नाणे काही सावरायला येत नाही.

नातीला मी सांगितले, "त्या दिवशी तू अर्ध्या बैठकीत स्तब्ध राहिलीस म्हणून आजीला कावळ्याचे दुःख दिसले. तू डगमगली असतीस, तर तिला तुझे गुडघेच दिसले असते."

हे उत्तर पुरे आहे असा माझा दावा नाही. त्यात एक नुकसान आहे, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. आपल्या नृत्यात अभिनय आहे. बालसरस्वतींनी यशोदेचा एक भाव किती परींनी दाखवावा, याच्या आठवणी जाणकार अजून सांगतात. तेथे नाचणारी पाहणाऱ्याला एकटे सोडत नाही. हाताला धरून ती त्याला रसापर्यंत नेऊन पोचवते. कनिंगहॅम यांचा नर्तक आपल्याला हात देत नाही. ज्याला आधार हवा आहे, जो दुःखात सभागृहात आला आहे, त्याला हे पाहणे कोरडे वाटेल. त्याची तक्रार मला खोटी म्हणता येत नाही. दोन्ही घरे असावीत, असे माझे मत झाले. एका घरी यजमान आग्रहाने वाढतो. दुसऱ्या घरी ताट मांडलेले असते. आपले आपण घ्यायचे. ज्याने जन्मभर आग्रहाचेच जेवण जेवले त्याला आपली भूक किती, हे कधी कळत नाही.

केज यांची एक रचना प्रसिद्ध आहे. 1952 साली न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावी डेव्हिड ट्यूडर पियानोशी बसले आणि चार मिनिटे तेहतीस सेकंद त्यांनी एकही सूर वाजवला नाही. वाऱ्याचा, पावसाचा, लोकांच्या चुळबुळीचा जो आवाज झाला तेच संगीत. केज यांनी हार्वर्ड विद्यापीठातली आवाजबंद खोली पाहिली होती. तेथे काहीच ऐकू येऊ नये; पण त्यांना दोन आवाज ऐकू आले, एक बारीक, एक खर्जातला. तेथील तंत्रज्ञाने त्यांना सांगितले की बारीक आवाज मज्जासंस्थेचा आणि दुसरा वाहत्या रक्ताचा. म्हणजे जिवंत माणसाला निखळ शांतता नाहीच. ऐकायला सदैव काहीतरी आहे. कान उघडे हवेत. अळंबी गोळा करणाऱ्या माणसाची ही दृष्टी आहे. केज हे त्या विषयातले जाणकार होते. 1959 साली इटलीत टेलिव्हिजनवरच्या प्रश्नमंजूषेत अळंब्यांवरची उत्तरे देऊन त्यांनी पन्नास लाख लिरांचे बक्षीस मिळवले होते. अळंबे कोठे उगवेल ते आपल्या हाती नाही. खाण्याचे कोणते आणि विषारी कोणते, हे मात्र ओळखता आलेच पाहिजे. तेथे नाणे उडवणारा माणूस दुसऱ्या दिवशी उरणार नाही!

आणि शेवट. कनिंगहॅम म्हातारे झाले, सांध्यांनी दगा दिला, तरी रचना थांबली नाही. सत्तरीच्या सुमारास ते संगणकावर मनुष्याकृती हलवून नवी पावले शोधू लागले. अखेरच्या वर्षांत ते चाकांच्या खुर्चीत बसून तालमी घेत. 2009 साली नव्वदीचा सोहळा झाला, आणि त्याच जुलै महिन्यात ते गेले. जाण्यापूर्वी त्यांच्या संस्थेने एक योजना जाहीर केली होती. आपल्यामागे मंडळीने दोन वर्षे जगभर प्रयोग करावेत आणि मग संस्था बंद करावी. तसेच झाले. 31 डिसेंबर 2011 रोजी न्यूयॉर्कमध्ये शेवटचा प्रयोग झाला आणि 1953 साली सुरू झालेली ती नृत्यमंडळी विसर्जित झाली. गादी चालवायला वारस नेमला नाही. जन्मभर नाणी उडवणाऱ्या माणसाने आपला शेवट नाण्यावर सोडला नाही. त्या सोळा नृत्यांत शम जसा ठरवून अखेरीस ठेवला होता, तसा येथेही ठेवला.

परवा नात म्हणाली, "आजोबा, आज गोष्टही नको. नुसतेच बघा." आम्ही दोघे बसलो. ती नाचली. पंखा कुरकुरत होता, खाली भाजीवाली ओरडत होती, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. शिट्टी झाली तेव्हा तिचा पाय जमिनीवर आला की आधी आला, हे मला सांगता येणार नाही. पण तिच्या पायाकडे मी इतक्या लक्षपूर्वक यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

टर उडवायला निघालेल्या माणसाला एवढे पदरात पडले. ते आपणांपुढे ठेवले.